मुलांची मूल्यं, शाळा आणि आपण पालक : प्रकल्प कोणी केला, इथून सुरुवात करू या का?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. लेक पाचवीत आहे. पुण्यातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, नाव घेत नाही. शाळेनं यंदा 'मूल्यशिक्षणात पालकांचा सहभाग' या विषयावर सात-आठ पालकांची एक छोटी समिती केली आणि त्यात माझं नाव घातलं. पहिली बैठक येत्या शनिवारी आहे. काय बोलावं ते ठरत नाहीये, म्हणून हा धागा. आधी एक प्रसंग सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मूल्यशिक्षणाचा प्रकल्प होता. विषय 'प्रामाणिकपणा'. चार्टपेपरवर चित्रं, सुविचार आणि एक गोष्ट. लेकीला आदल्या रात्री नऊ वाजता आठवलं. तिनं दोन ओळी लिहिल्या, त्या वाकड्या गेल्या आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, झोप तू. मग साडेअकरापर्यंत बसून मी सोनेरी बॉर्डर लावली, चित्रं कापून चिकटवली, सुविचार छान अक्षरात लिहिले. चार्टला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला आणि तो जिन्याजवळच्या भिंतीवर लागला. पालकसभेला बाई सगळ्यांसमोर लेकीला म्हणाल्या, "किती सुंदर केलंयस गं!" लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहून "थँक्यू बाई" म्हणाली.

घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, "आई, बाईंना माहितीये का, तू केलंस ते?"

मला उत्तर देता आलं नाही. बाईंना नक्की कळलं असणार. दहा वर्षांच्या मुलीचं अक्षर आणि आईचं अक्षर वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना ओळखू येतंच. म्हणजे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, लेकीला माहीत होतं, आणि तिघींनी मिळून ते खोटं भिंतीवर लावलं होतं. त्या चार्टवरच्या सुविचारांतून लेक काहीच शिकली नसेल. आई आणि बाई, तिच्या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या बायका, सोयीचं खोटं कसं चालवून घेतात, हे मात्र तिला नीट कळलं.

बैठकीसाठी शाळेनं पाठवलेल्या यादीत एक व्याख्यान आहे, घोषवाक्य स्पर्धा आहे आणि पालकांसाठी 'संस्कारांचे महत्त्व' या विषयावर निबंध स्पर्धा आहे. शाळेचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मला वाटतं, शाळा आणि घर मिळून मुलांसमोर जे खोटं वागतात ते थांबवणं हाच पालकांचा पहिला सहभाग. तुमच्या शाळांमध्ये काय चालतं? काय करून पाहिलंत? काय फसलं? सगळं सांगा.

खडूफळा

ताई, मी मनपा शाळेत शिकवते. एकोणीस वर्षं झाली. तुमचा धागा वाचून अर्धा तास काही लिहिलं नाही, कारण तुमच्या गोष्टीतली बाई मी अनेकदा होते.

हो, आम्हाला कळतं. अक्षर पाहिलं की कळतंच. अप्पा बळवंत चौकातून तयार आणलेलं मॉडेलही कळतं, दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच पवनचक्कीचं गाव. तरी आम्ही शेरा देतो. तपासणीला फाइल लागते, फोटो लागतात, भिंती भरलेल्या दिसाव्या लागतात. आणि समोर उभ्या मुलाला 'हे तू केलेलं नाहीस' म्हणायचं कसं, हा प्रश्न असतो. म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसलो.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गापुरतं बंद केलं. प्रकल्प वर्गातच करायचे. घरून फक्त जुनी वर्तमानपत्रं, काड्यापेट्या, कापडाचे तुकडे आणायचे. दोन तासिका लागतात. पहिल्या वर्षी भिंत फार साधी दिसली, शेजारच्या वर्गापुढे तर फारच. मुख्याध्यापक पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. पालकांना सभेत सांगितलं, "वाकडं असेल तर वाकडंच लावणार आहे." सगळ्यात आधी कोणाला सुटका वाटली असेल तर आयांना.

आता सभेविषयी, कारण ते जास्त महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या बहुतेक आया धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करतात, वडील बिगारी, रिक्षा, वॉचमन. सकाळी अकराची सभा म्हणजे त्यांचा खाडा. एका सभेसाठी दिवसाचे पैसे जातात आणि मालकीणबाईंची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. ४२ मुलांपैकी ११ घरांतून कोणीतरी यायचं आणि आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये म्हणायचो, "या लोकांना मुलांची काळजीच नाही." ते मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची आज लाज वाटते.

मग सभा वस्तीतच घेतली. समाजमंदिरात, संध्याकाळी साडेसातला. ३३ घरांतून लोक आले. बाप्ये आधी दाराबाहेर उभे होते, मग एकेक आत येऊन भिंतीला टेकले. मी भाषण केलं नाही. एकच विचारलं, "या आठवड्यात तुमच्या मुलानं केलेली एक चांगली गोष्ट सांगा." खूप वेळ कोणी बोललं नाही. तक्रार सांगायला सगळे तयार होते, चांगलं सांगायची सवयच नव्हती. शेवटी एक आई म्हणाली, "मी कामावरून उशिरा येते. माझा पोरगा धाकटीचं ताट आधी झाकून ठेवतो, मग स्वतः जेवतो."

तो मुलगा माझ्या वहीत 'मारामाऱ्या करतो' एवढाच होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "काल धाकटीला काय वाढलंस?" त्याचा चेहरा मला आजही दिसतो. मारामाऱ्या बंद झाल्या असं म्हणणार नाही, पण त्याच्याशी बोलायला मला एक दार मिळालं.

एक गोष्ट नोंदवते. २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान आलं, तेव्हा पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे माता-पालक गट केले होते. दर आठवड्याला आयडिया कार्ड यायचं, आया एकत्र बसून मुलांकडून खेळ करून घ्यायच्या. त्या गटांमुळे आमच्या वस्तीतल्या आयांना एकत्र बसायची सवय लागली होती, म्हणून ही सभा जमली. रिकाम्या जागेतून काही उभं राहत नाही, आधीचं काय आहे ते पाहावं.

शेंगदाणा

खडूफळा बाई, दंडवत. ताटाची गोष्ट वाचून थांबलोच.

मुठाकाठ, बैठकीत आजी-आजोबांचाही विषय काढा. आमच्याकडे मुलं दुपारभर त्यांच्याकडेच असतात आणि शाळेचं पत्र कायम 'आई-वडील' याच नावानं येतं.

तिसरी_पाळी

मी चाकणला कंपनीत आहे, तीन पाळ्यांत. मुलगा सातवीत. आजपर्यंत एकाही पालकसभेला गेलो नाही. डायरीवर सही करतो, ती पण बायकोनं बोट ठेवलेल्या जागी. इथं लिहितोय कारण बापांचं कोणी विचारत नाही. शाळेतून चिठ्ठी येते ती 'माता-पालक मेळावा' म्हणून.

माझी चूक सांगतो. मध्यंतरी घराचे हप्ते थकले होते. वसुलीवाल्यांचे फोन यायचे. मी मुलाला सांगायचो, "उचल आणि बाबा घरी नाहीत म्हण." तो म्हणायचा. पंधरा-वीस वेळा तरी म्हणाला असेल. एकदा त्याच्या मित्राचा फोन आला, क्रिकेटला चल म्हणून. याला जायचं नव्हतं. यानं बायकोला सांगितलं, "मी घरी नाही म्हण." ती रागावली. तो शांतपणे म्हणाला, "बाबा तर रोज सांगतात." मी पलीकडच्या खोलीत होतो.

त्या दिवसापासून फोन मीच उचलतो. "पगार झाला की भरतो, आत्ता नाहीत," असं सांगतो. बोलणी खातो. मुलगा ऐकतो. मला वाटतं हे ऐकणं त्याच्या उपयोगाचं आहे.

शाळेनं माझ्यासारख्याला काय सांगावं? मला व्याख्यान नको. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी दुपारी एकपर्यंत घरी असतो, तिसऱ्या पाळीत संध्याकाळी. मुलाबरोबर अर्ध्या तासात करता येईल असं काहीतरी द्या. काय करू तेवढं सांगा, करतो.

वेताळटेकडी

मी निवृत्त मुख्याध्यापक. सुरुवातीची नोकरी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेकडे, नंतर पुण्यात अनुदानित माध्यमिक शाळेत.

तिसरी_पाळी, तुम्ही फोन उचलायला लागलात, हे कुठल्याही शाळेच्या वर्षभराच्या मूल्यशिक्षणाइतकं मोठं काम आहे. मनापासून लिहितो.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, समितीत उपयोगी पडेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सरकारी शाळांत शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं आणि शाळा विकास आराखडा करणं ही तिची कामं; अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. तो आराखडा म्हणजे केवळ स्वच्छतागृह आणि कुंपण, असं आपण धरून चालतो. मुलांनी एकमेकांशी कसं वागावं आणि मोठ्यांनी मुलांशी कसं वागावं, हेही त्यात लिहिता येतं. कोणी अडवलेलं नाही. खासगी शाळांतले पालक-शिक्षक संघ २०११ च्या शुल्क कायद्यामुळे फीच्या प्रश्नाशी जोडले गेले, त्यामुळे तिथं सभा म्हणजे फीवरची खडाजंगी, एवढंच उरलं. फीचा प्रश्न खरा आहे. पण वर्षभरात पालक आणि शिक्षक दुसऱ्या कुठल्याच कारणानं एकत्र बसणार नसतील, तर एकमेकांवर विश्वास कुठून येणार?

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. मुलं वाढवायला शाळेनं घराला मदत करणं, दोन्ही बाजूंनी संवाद, शाळेत स्वयंसेवा, घरी शिकणं, निर्णयांत वाटा आणि परिसराशी जोडून घेणं. आपल्याकडे यातलं एक, फार तर दीड होतं. संवाद होतो तो एका बाजूनं, आणि स्वयंसेवा म्हणजे स्नेहसंमेलनात मुलांना रंगवायला आया.

मी स्वतः जे केलं आणि टिकलं, ते एकच सांगतो. जूनमध्ये, पहिल्या पंधरवड्यात, काहीही बिघडायच्या आधी, प्रत्येक घराला अर्धं पान मागायचो. 'आमच्या मुलाबद्दल तुम्हाला काय माहीत असावं?' ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी येऊन सांगायचं, मी लिहून घ्यायचो. घाबरतो कशाला, घरात कोणाचं ऐकतो, अलीकडे घरात काय घडलं. ते पान वर्गशिक्षकाच्या कपाटात, कुलपात. वर्षाच्या मध्यावर मुलाचं काही चुकलं की आधी ते पान काढायचं, मग पालकांना बोलवायचं. पहिलीच भेट तक्रारीची असली की पालक मुलाचा वकील होऊन येतो. पहिली भेट ओळखीची झाली असेल तर तोच पालक आपल्या बाजूला बसतो.

मुळशीत असताना घरोघर जायचो, तेव्हा शाळाबाह्य मुलं शोधायला. कामाचा भाग होता. पण ज्या घरी एकदा चहा घेतला, त्या घरचं मूल मला वर्गात वेगळं दिसायचं. शहरात आल्यावर ती सवय सुटली, ती सोडायला नको होती.

आणि मूल्यांना गुण देऊ नका. कृपा करून. गुण आले की सोनेरी बॉर्डर आलीच.

चिंचेचा_पार

मी थोडं विरोधात लिहिणार आहे. रागावू नये.

शाळेनं 'संस्कार' हा शब्द उच्चारला की मला भीती वाटते. कोणाचे संस्कार? मागच्या वर्षी मुलीच्या शाळेत असंच एक व्याख्यान झालं, पालक आणि मुलं दोघांसाठी. वक्ते म्हणाले, आई नोकरीला गेली की घराचं घरपण जातं आणि मुलं बिघडतात. टाळ्या पडल्या. माझी बायको नर्स आहे, रात्रपाळी करते. त्या दिवशी रात्रपाळी संपवून न झोपता व्याख्यानाला आली होती. रात्री मुलीनं तिला विचारलं, "मी बिघडलेय का?" बायको काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली. शाळेत कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तेव्हा पालकांचा सहभाग म्हणजे खुर्च्या भरणं असेल तर आम्हाला नको. आणि खरा सहभाग असेल तर व्यासपीठावर कोणाला बोलवायचं आणि मुलांसमोर काय सांगितलं जाईल, हे पालकांना आधी कळलं पाहिजे, त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे. नाहीतर शाळेनं गणित नीट शिकवावं, बाकी आम्ही पाहून घेऊ.

निळी_शाई

मी शालेय समुपदेशक आहे. चिंचेचा_पार, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा विरोधातला आहे असं मला वाटत नाही. तो सोडवल्याशिवाय बाकीचं काही करताच येणार नाही.

कोणाची मूल्यं, याला माझ्यापुरतं उत्तर असं आहे. प्रत्येक घराचा धर्म, जेवण, सण, पोशाख वेगळा. त्यात शाळेनं पडू नये. पण परिपाठात मुलं जी संविधानाची प्रास्ताविका म्हणतात, तिच्यातले न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चार शब्द सगळ्या घरांना समान आहेत. पुण्यातल्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम याच पायावर उभा आहे. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांतून तो सुरू झाला, पुढे राज्यभर गेला. त्यात उपदेश कमी आणि जोडीनं, गटानं करायच्या कृती जास्त. मुलं बोलतात, ऐकतात, वाट पाहतात. हेच घरापर्यंत न्यायचं असेल तर प्रश्न साधा ठेवावा. तुमच्या घरात बंधुता कुठं दिसते? समता कुठं अडते?

'समता कुठं अडते' हा प्रश्न मी एका सभेत विचारला होता. एक मुलगी आईसमोर म्हणाली, "जेवल्यावर माझं ताट मी उचलते, दादाचं पण मीच." आई गोरीमोरी झाली. पण पुढच्या महिन्यात तीच आई सांगत आली की आता दादा स्वतःचं उचलतो, आणि त्याचे बाबाही. कोणीही त्यांना उपदेश केला नव्हता.

मुलं आपलं पाहून वागतात, हे आपण बोलताना सहज म्हणतो, पण ते किती शब्दशः खरं आहे हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ च्या प्रयोगात दाखवलं. मोठं माणूस एका फुगीर बाहुलीला मारताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर तसंच मारलं, कित्येकांनी तेच शब्द वापरून. तिसरी_पाळी यांचा मुलगा "घरी नाही म्हण" म्हणाला ते तसंच होतं. आणि ते आता फोन उचलतात, तेही तो पाहतो आहेच.

सिंहगडरोडकर

आमच्या शाळेचा अनुभव, गेटवरचा.

सकाळी पावणेसातला शाळेसमोर काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको. उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या, आई, बाबा, दोन पोरं आणि पायाशी दप्तर. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट असलं तर मुलाच्या नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, हे कायद्यात आहे, पण गेटवर एकही मूल हेल्मेट काढताना दिसायचं नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा सगळं शहर हळहळलं, चिडलं. मीही चिडलो. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, ही तरतूद २०१९ पासून आहे. पण ती हातात चावी देण्याची सवय एका दिवसात लागत नाही. 'एवढंसंच तर जायचंय, घे उलटं' हे वाक्य मागं बसलेलं मूल पहिलीपासून ऐकत असतं.

आम्ही आधी पालक स्वयंसेवक उभे केले, शिट्टी घेऊन. महिन्यात बंद पडलं. एका पालकानं दुसऱ्याला मुलांसमोर शिवी दिली, हमरीतुमरी झाली. मी तिथंच होतो आणि मीही आवाज चढवला होता, ते चुकलंच.

मग एका बाईंनी वेगळं केलं. सहावीच्या मुलांना गेटवर आठवडाभर नुसतं पाहायला लावलं. नाव नाही, गाडीचा नंबर नाही, फक्त मोजायचं. किती उलटे आले, किती बिनहेल्मेट. मुलांनी आकडे फळ्यावर लिहिले आणि पालकसभेत स्वतः वाचून दाखवले. सभेत कोणी हसलं नाही. मग मुलांनीच सुचवलं की गाडी अलीकडच्या चौकात थांबवा, तिथून आम्ही चालत येतो. दोनशे पावलं असतील. ते चालणं मुलांना इतकं आवडलं की आता पाऊस नसेल तर गेट जवळपास मोकळं असतं. हेल्मेटचं मात्र अजून अर्धंमुर्धंच आहे.

निळी_शाई

सिंहगडरोडकर, नाव आणि नंबर घेतला नाही, हे त्या बाईंनी फार शहाणपणानं केलं. ही रेघ समितीनं पक्की ओढावी असं मी आग्रहानं सांगेन. काही शाळा मुलांना 'आई-बाबांचा वर्तन तक्ता' भरायला देतात. मोबाइल किती पाहिला, रागावले का, खोटं बोलले का. करू नका. ज्या घरात मारहाण आहे, दारू आहे, त्या घरातलं मूल तो तक्ता खरा भरलं तर मार खाईल आणि खोटा भरलं तर आपणच त्याला खोटं शिकवलेलं असेल. मूल पालकांवरचं पंच नाही.

ओला_सुका

एक अनुभव घाला यादीत. शाळा पालकांमधून 'मार्गदर्शक' बोलावते तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, फार तर पोलीस. आमच्या मुलाच्या वर्गात बाईंनी कचरा गोळा करणाऱ्या ताईंना बोलावलं. 'स्वच्छ' संस्थेच्या सभासद. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या कचरावेचकांची ही स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. या ताईंची मुलगी त्याच शाळेत चौथीत होती, म्हणजे त्याही पालकच.

ताईंनी भाषण केलं नाही. हात दाखवले. काचेनं कापलेल्या खुणा. सॅनिटरी पॅड उघडं टाकलं तर ते हातानं वेगळं करावं लागतं, हे सहावीच्या मुलामुलींसमोर सरळ सांगितलं. म्हणून कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. वर्गात शांतता होती.

मग तीन आठवडे प्रत्येक घरानं ओला-सुका वेगळा करायचा, फुटकी काच वर्तमानपत्रात बांधून त्यावर 'काच' लिहायचं. इथं पालकांना सहभागी व्हावंच लागलं, कारण डबा घरात असतो. आमच्या घरी पहिला आठवडा माझ्यामुळे फसला, मी चहाची पूड सुक्यात टाकत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, ताईंना ते हातानं काढावं लागेल." त्याच्या बोलण्यात ओरडा नव्हता, काळजी होती. त्या काळजीसाठी मी शाळेचा ऋणी आहे.

एक प्रश्न मात्र उरला आहे. त्या चौथीतल्या मुलीला आई वर्गात आली तेव्हा काय वाटलं असेल? बाईंनी तिला आधी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. तरी हे विचारल्याशिवाय कोणी करू नये.

चिंचेचा_पार

ओला_सुका, हे चालेल मला. असं असेल तर खुर्ची भरायला मीही येईन.

मुठाकाठ

मंडळी, शनिवारची बैठक झाली. तुमचं सगळं छापून नेलं होतं, नावं काढून.

ठरलं ते असं. पाचवी ते सातवीचे प्रकल्प आता वर्गातच होणार, घरी नाही. मुख्याध्यापिकांना भिंतींची काळजी वाटत होती, पण दोन शिक्षिका स्वतःहून म्हणाल्या की आम्हालाही हेच हवं होतं, बोलायची सोय नव्हती. जूनचं अर्धं पान वेताळटेकडी सरांनी लिहिलं तसंच घेतलं आहे, यंदा उशीर झाला म्हणून जानेवारीत मागवणार. पालकांना निबंध नाहीत. व्याख्यान रद्द झालं नाही, कारण वक्त्यांना आधीच शब्द दिला आहे. पण विषय आणि मुद्दे समितीला आधी पाहायला मिळतील, आणि यापुढे वक्ता समितीला विचारून ठरेल. चिंचेचा_पार, तुमच्या मुलीचा प्रश्न मी बैठकीत वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही.

तिसरी_पाळी, तुमच्यासाठी मी भांडले. महिन्याला एक चिठ्ठी जाणार, 'या महिन्यात मुलाबरोबर करायची एक गोष्ट'. वेळ अर्धा तास, पाळी कुठलीही असो. पहिली ठरली आहे. आपल्या कामातली एक चूक आणि ती कशी निस्तरली, हे मुलाला सांगायचं. सही लागणार नाही, परत काही द्यायचं नाही.

आणि माझं राहिलेलं काम. बैठकीनंतर लेकीला घेऊन वर्गशिक्षिकांना भेटले. सांगितलं, "तो चार्ट मी केला होता." बाई म्हणाल्या, "मला कळलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी." मग त्यांनी लेकीला विचारलं, काय करू या? ती म्हणाली, काढा तो, मी दुसरा करते. तिनं शाळेतच केला, एका तासात. बॉर्डर नाही. गोष्ट तिनं आमच्या चार्टचीच लिहिली आहे. मी वाचली नाही, बाईंनी सांगितलं.

खडूफळा बाई, जानेवारीच्या सभेत तुमचाच प्रश्न विचारायचं ठरलंय, मुलाची एक चांगली गोष्ट सांगा. संध्याकाळी साडेसहाला, वर्गातच. तुम्ही सुरुवात पालकांपासून केली होती, की आधी स्वतः सांगितली होती?

खडूफळा

पहिल्या सभेत नुसता प्रश्न टाकला होता, म्हणून ती शांतता तेवढी लांबली. पालकांना वाटलं, ही परीक्षा आहे. दुसऱ्या सभेत आधी मी सांगितलं, प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य, नाव घेऊन.

त्याची तयारी मात्र आधीपासून करा. हजेरीपटावरच्या प्रत्येक नावापुढे एक चांगली गोष्ट लिहायला बाईंना आत्ताच सांगा. मला चार दिवस लागले होते. ४२ नावांपैकी सात नावांपुढे मला काहीच लिहिता आलं नाही. रोज माझ्यासमोर बसणारी मुलं. सभेआधी त्या सात घरी जाऊन आले.